जनाचा धवला

४ मार्च, बुधवार
कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. जनाला काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर पट्टा, कानांवर डबडी. बाहेरून बघताना वाटलं, परीक्षेला बसलीय आणि पेपर भलत्याच भाषेतला आलाय.
डॉ. म्हणाले, उजवा गेला. डावा जातोय. नस सुकत चाललीय, औषध नाही. मशीन घ्या, आवाज मोठा येईल, पण स्पष्ट येईलच असं नाही. मी विचारलं, गाणं? म्हणाले, "आजोबा, आधी बोलण्यापुरतं बघू या."
तरुण माणूस, वाईट काही बोलला नाही. पण त्याला काय ठाऊक, हिचं बोलणं कमी आणि गाणं जास्त. उरणपासून इकडे विचुंब्यापर्यंत किती मांडवांत हिने लग्नाच्या गाण्यांचा, म्हणजे धवल्याचा, सूर धरलाय! धवलारीण न्यायला लोक गाडी पाठवायचे. भटजी यायच्या आधी आणि भटजी गेल्यावरही लग्न हिच्या गळ्यावर चालायचं. ही एक ओळ सोडायची, मागच्या बायका ती उचलायच्या, की झालं, हळद असो नाहीतर पाठवणी.
रिक्षात विचारलंन, "काय म्हनला?" मी हातानेच बरंय म्हटलं. माझ्या तोंडाकडे बघितलंन आणि मग सगळा रस्ता बाहेर बघत बसली.
प्राजूची हळद एप्रिलअखेर. पुढे अधिक महिना येतो म्हणून घाई. एकुलती एक नात. तिचा धवला हिने धरावा, आणि धरलेला हिला स्वतःला ऐकू यावा. तोवर डावा टिकू दे. दुसरं मागणं नाही.

८ मार्च, रविवार
दिनेश रोडपालीहून आला, कानाचं मशीन घेऊन. आईच्या कानात घालून म्हणतो, "आई, ऐकू येतंय?" ही म्हणाली, "येतंय की. तव्यावर पापलेट टाकल्यागत चर्र चर्र येतंय."
संध्याकाळी काढून ठेवलंन. सुया-दोरे ठेवतो त्या डब्यात.
दिनेश माझ्यावर चिडला. "तुम्ही सांगा ना तिला, सवय करायला लागते." मी काय सांगू. सवय तिच्या कानाला, चर्र चर्र तिच्या डोक्यात.

१५ मार्च, रविवार
प्राजू आली होती. मोबाईल नाचवत, "आजोबा, तिकिटं काढली! तुमचा सिनेमा नाटकात आलाय. पनवेललाच प्रयोग आहे."
आमचा सिनेमा म्हणजे मिठागरातल्या नवरीचा. लग्नाच्या वर्षी तंबूत बघितलेला. मी तेव्हा मोऱ्याच्या बंदरात होड्यांवर नावं रंगवायचो. अक्षरंही सिनेमाच्या पोस्टरांवरूनच शिकलेला, मास्तर-बिस्तर कुणी नाही. खेळ सुटल्यावर परत चालत येताना हिने त्यातलं एक एक गाणं म्हणून दाखवलं. सगळी! एकदा ऐकून. मला धडकी भरली, म्हटलं, ही बाई आपलं बोललेलं काही विसरायची नाही.
तिला म्हणायचो, अक्षरं शिकवतो. तर म्हणायची, "तुमच्या वहीत मावंल त्याच्यापेक्षा माझ्या कानांत जास्ती हाय." खरंच होतं. भांडायला जागा नव्हती.
प्राजू म्हणाली, स्टेजवर पाऊस पाडतात, होडी आणतात, सगळी गाणी समोर गातात. "आजी, येशील ना?" हिला काही कळलं नाही. मग मी डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो. शेजारच्या गॅलरीतून बाई डोकावली. हिचा चेहरा मात्र असा उजळला...
डॉ.चं कशाला सांगायचं पोरीला. हौसेने काढलीत तिकिटं.

१९ मार्च, गुरुवार
पाडवा. गुढी उभारली. श्रीखंड आणलं, घरी केलं नाही. कुकरची शिट्टी होत राहिली, ही शेजारीच बसून कैरी चिरत होती. डाळ करपली. वास आल्यावर उठली.
करपलेली डाळ गपचूप खाल्ली. मी मागून घेतली दुसऱ्यांदा.

२९ मार्च, रविवार, सकाळी
काल नाटक झालं. नीट लिहून ठेवायला पाहिजे, नाहीतर सगळे आपापल्या सोयीने सांगत सुटतील.
ही हिरवी नऊवारी नेसली. केसात अबोली. नाट्यगृहाच्या पायऱ्या चढताना माझा हात सोडून पुढे. आमच्या वयाची बरीच जोडपी होती, सगळी आपापला तंबू आठवत आलेली. प्राजूने आम्हाला चौथ्या रांगेत बसवलं, कडेला ती.
पडदा वर गेला आणि असा आवाज सुरू झाला की माझ्या बरगड्या हलल्या. ढोलकी, पिपाण्या, कसकसले खोके. मी हिच्याकडे बघतोय. पहिलं गाणं झालं. चेहरा कोराच. दुसरं झालं. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बसलेली. एवढ्या मोठ्या आवाजात हिला गाणं लागत नव्हतं, नुसता गदारोळ.
मग तिने हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. तळवा सपाट. थोड्या वेळाने माझा हात ओढून तिथेच ठेवलान आणि म्हणाली, तिला वाटलं हळू म्हणतेय, पण दोन रांगांना ऐकू गेलं: "अवो, हितं येतंय गानं! लाकडातनं येतंय!"
पुढे बसलेल्या मुलीने मागे वळून पाहिलं आणि हसून पाठ जराशी पुढे घेतली. देव तिचं भलं करो. मग ही चुकेना. लाकडावर बोटांनी ठेका, ओठांत शब्द. माझ्या डोळ्यांना पाणी. म्हटलं, जमलं रे बाबा.
मध्यंतरात वडे खाल्ले. हिने प्राजूची अलाबला घेतली.
मध्यंतरानंतर लग्नाचा प्रवेश. सिनेमात काय होतं, तर नवरी तांदळाच्या पिठाने काढलेल्या चौकावर बसलेली, नवऱ्याची होडी भरतीला यायची ती येत नाही, आणि बायका धवला थांबवत नाहीत. पहाट होईपर्यंत तोच धवला. त्याच प्रवेशासाठी हिने हा सिनेमा काळजात ठेवला. आमच्याकडचा रिवाज आहे तो. नवरी चौकावर आहे तोवर धवला तुटू द्यायचा नाही. एकीचा गळा बसला तर दुसरीने उचलायचा. तुटला तर पोरीच्या संसाराला ते बरं नाही.
नाटकवाल्यांनी तिथे काय केलं, तर सगळं बंद. गाणं नाही, वाद्य नाही. नवरी चौकावर, तिच्यावर एकच दिवा, बायका मागे अंधारात तोंडं मिटून उभ्या. त्यांच्या हिशेबाने बरोबरच असेल. लोक श्वास धरून बघत होते. मलाही क्षणभर काटा आला.
हिने खुर्चीच्या पाठीवर हात चाचपला. काही नाही. बायांच्या तोंडांकडे पाहिलं. मिटलेली. आणि मला कळायच्या आत ही उभी राहिली आणि धवला उचललान.
पहिल्या ओळीला लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. माना वळल्या, कुणी टाळी दिली. दुसऱ्या ओळीला मात्र... आवाज खणखणीत, शब्दांत एक चूक नाही, पण सूर कुठल्या कुठे. भरतीत दावं सुटलेली होडी जशी, कधी या काठाला, कधी त्या. हसू सुरू झालं. "ओ आजी, बसा खाली!" मागून एक गृहस्थ, "काका, आवरा ना त्यांना, आम्ही पण नाटक बघायला आलोय." प्राजूने पदर ओढला, "आजी, आजी!" हिला त्यातलं काही पोचत नव्हतं. मी तिच्या हाताला हात लावला. तिला वाटलं मी साथ देतोय, तिने तो घट्ट धरला.
काय करायला हवं होतं मी? खेचून बसवायची? तोंडावर हात ठेवायचा? लग्नाच्या बायकोच्या?
स्टेजवरची नवरी हलली नाही. ती पोर डोळे वळवून हिच्याकडे बघत राहिली. ही पूर्ण धवला म्हणून, हात जोडून, खाली बसली. मग तिथला एक माणूस वाकून आला, म्हणाला, "मावशींना जरा बाहेर बसवता का?" प्राजू त्याच्याशी काय बोलली ठाऊक नाही, पण तो गेला. पुढचं नाटक आम्ही पाहिलं म्हणजे तिकडे तोंड करून बसलो.
घरी आल्यावर प्राजूने खुणा करून विचारलं, का गं आजी? ही म्हणाली, "नवरी चौकावर नि बाया मुक्या? असं कुठं असतंय?"
"अगं, नाटक होतं ते!"
"नाटक हाय ते मला पन ठाव हाय. पर ती पोर खरी बसलेली ना."


१ एप्रिल, बुधवार
कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलेलं. विचुंब्यात सगळ्यांच्या फोनात आहे. दूधवाला म्हणाला, काकी फेमस झाल्या. ही हसून त्याला म्हणाली, "दूध पातल हाय तुजं."
प्राजूच्या सासरीही पोचलंय.
मी पण पाहिलं, दिनेशच्या फोनात. पाहायला नको होतं. समोर माणूस नसला की नुसता सूर ऐकू येतो. रोज बघणाऱ्याला पोर वाढलेलं दिसत नाही तसं माझं झालेलं. घरात गुणगुणते ते मला आजवर बरंच वाटायचं.

५ एप्रिल, रविवार
दिनेश आणि सून वैशाली आली. चहा झाल्यावर दिनेशने मला खाली नेलं, गाडी दाखवायच्या निमित्ताने.
"बाबा, हळदीला मी बेंजो पार्टी सांगितलीय. त्यांच्याबरोबर एक बाई आहे, धवले चांगले म्हणते."
"आणि आई?"
"आई बसेल ना मानाने पुढे. पाटावर. साडी घेतलीय तिला."
"दिनेश, पाटावर बसवायला ती काय गणपती आहे?"
"बाबा, माझी आई आहे. हॉलमध्ये लोक तिला हसले. आता आपल्या दारात हसतील, ते मी बघत बसू? तुम्ही तिला सांगा. तुमचंच ऐकते ती."
ऐकते! काय बोलून गेला ते त्याला कळलं, मग गाडीच्या आरशावरची धूळ पुसत बसला. पोरगं वाईट नाही. तेच तर. वाईट असतं तर भांडलो असतो.

७ एप्रिल, मंगळवार
सांगायला गेलो. तिने नारळ हातात दिला, सोला म्हणाली. सोलला.

९ एप्रिल, गुरुवार
आज खरंच सांगणार होतो. पण सांगायचं कसं? ही गोष्ट जवळ बसून हळू सांगायची. हिला हळू सांगितलेलं पोचत नाही. म्हणजे तुझा सूर गेला, तू गाऊ नकोस, हे मी बेंबीच्या देठापासून ओरडायचं, आणि खिडकीखाली भाजीवाला, वरच्या मजल्यावर कुलकर्णी, सगळ्यांनी ते तिच्याआधी ऐकायचं. जन्मात हिच्यावर आवाज चढवला नाही, तो यासाठी चढवू?
लिहून दाखवावं, तर वाचता येत नाही.
खुणेने? गाणं नको अशी खूण करता येते. पण नको म्हणताना वाईट वाटतंय मला, याची खूण कुठली? नुसतं नको म्हणजे पोराला दटावल्यासारखं.
पाच मिनिटं तिच्यासमोर उभा राहिलो. म्हणाली, "पोटात दुखतंय का? ओवा देऊ?"
ओवा खाल्ला.

१२ एप्रिल, रविवार
प्राजू एकटी आली. ऑफिसची सुट्टी. आजी झोपलेली. माझ्याजवळ बसून रडली.
"मला आजीच पाहिजे, आजोबा. पण सासूबाई व्हिडिओ बघून म्हणाल्या, तुझी आजी मजेशीर आहे हं. सगळे हसले. मी पण हसले, आजोबा. का हसले मी?"
मी म्हटलं, नवीन घर आहे, हसायलाच लागतं.
"त्या दिवशी तिकिटं काढलीच नसती तर..."
"तर मला लाकडातलं गाणं कळलं नसतं," म्हटलं.
"मग काय करायचं? तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल ते."
दिनेश म्हणतो तुम्ही सांगा, पोर म्हणते तुम्ही ठरवा. वैशाली बोलत नाही, पण चहात साखर जास्त घालते हल्ली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१९ एप्रिल, रविवार
अक्षय्यतृतीया. आमरस. आज हिने सुरुवात केली. तांदूळ, हळकुंडं, सुपं काढून पुसली. मग खाटेवर बसून एक एक धवला घोळवायला लागली. तेलाचा, हळदीचा, नवरीला न्हाऊ घालायचा. शब्दाला शब्द लागलेला. एक हात गळ्यावर. आधी कधी नसायचा. गाताना आता गळा धरून बसते.
बेंजोवाल्यांचा फोन आला, आगाऊ सांगायला की बाई येणार. मी फोन घेऊन जिन्यात गेलो. का गेलो? ती तशीही ऐकणार नव्हती. चोराच्या मनात चांदणं.

२२ एप्रिल, बुधवार
मांडव आमच्या इमारतीसमोरच. बांबू आले. जना त्या माणसांना पाणी देताना सांगत होती, "धवल्याच्या बायांना बसाय जागा ठेवा बरं, त्या कोपऱ्यात. तिथं वारा येतो."
ते माझ्याकडे बघायला लागले. मी बांबू मोजले.

२४ एप्रिल, शुक्रवार
उद्या हळद. दिनेश-वैशाली कालपासून इथेच. सकाळी वैशाली म्हणाली, "बाबा, आज नाही सांगितलंत तर उद्या मांडवात दोघी एकदम सुरू करतील." बरोबर बोलली.
म्हणून ऊन चढायच्या आत हिला नदीकडे घेऊन गेलो. घरं संपली की पुढे मोकळं आहे. म्हटलं, इथे ओरडलो तरी ऐकायला बगळेच. धोंड्यावर बसवलं. डाव्या बाजूला गेलो. श्वास घेतला.
माझ्या छातीवर हात ठेवलान. "नका वरडू. दम लागंल. मला ठाव हाय कशाला आनलंय ते."
मी तिच्याजवळ बसलो.
"त्या नाटकातली नवरी माझ्याकडं बघत व्हती ना, तवाच समाजलं. पैल्या ओलीला तिचे डोले हासले. दुसरीला तिला माझी दया आली. मी लय नवऱ्या बघितल्यात. धवला नीट लागला का नवरी खाली बघते, अशी दया करत नाय."
मग पाण्यात दगड टाकत बसली. त्याचा आवाज फक्त मला.
"तरी पुरा का म्हटलास?" मी ओठ मोठे करून विचारलं. कळलं तिला.
"उचलल्यावर टाकून देऊ? नि गला अजून सांगतो मला. हितं हात ठेवला का समाजतं, वर गेला का खाली. सगलं नाय समाजत. थोडं समाजतं." मग माझा हात घेऊन आपल्या गळ्यावर ठेवलान आणि एक ओळ म्हणाली. माझ्या तळव्याखाली काहीतरी थरथरलं. कानाला ती ओळ चुकलेली होती. हाताला ती बरोबर वाटली. हे कुणाला सांगून पटेल?
"माझी नात हाय. धवला मीच धरनार," म्हणाली. "तुमी फकस्त एक करा. समोर बसा. सूर सुटला वाटलं का हात वर करा. मी थांबंन. दिन्याची बाई उचलंल म्होरं. तुटायचा नाय."
म्हणजे तेही ठाऊक. दिनेशची बाई.
"कोणी सांगितलं तुला?"
"मला कोन काय सांगतंय आता? तोंडं बघते सगल्यांची." आणि मग, उठता उठता, "पर खोटं नका करू. माझ्यावरच्या मायेनं हात खाली ठेवाल, तर ती पोर उद्या मान वर करंल. नि मला बघाय लागंल ते."
मी हो म्हटलं.
घरी आल्यावर वैशालीने विचारलं, सांगितलंत? म्हटलं, बोलणं झालं. सांगणारा कोण होता ते तिने विचारलं नाही. दिनेशला म्हटलं, बायकांच्या समोर माझी एक खुर्ची ठेव. "बाबा, तिथे पुरुष बसत नाहीत." "ठेव रे."
अर्धा सूर सुटला तर हात करायचा का? एकच ओळ घसरली आणि पुढची सावरली तर? दारात सगळा गाव, व्याही, प्राजू हळदीने माखलेली, आणि मी हात वर करून हिला गप्प करायचं. नाही केला, तर लोक हसतील आणि ही माझ्या तोंडाकडे बघत राहील.
बाहेर मांडवाला झालर लावतायत. जना आत तांदूळ पाखडत धवला म्हणतेय. सुपाच्या ठेक्यावर बरोबर, पण सूर सुटलाय. आत्ता सुटलाय, मला इथवर ऐकू येतंय. दारातून ती दिसते, तिला मी दिसतो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलंही.
हात वहीवरच आहे.